नंबर सांगा, फोटो मिळेल

बाबांच्या फोटो स्टुडिओच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती. त्यांनी स्वतःच्या हाताने निळ्या रंगात लिहिलेली: 'निगेटिव्ह जपून ठेवल्या आहेत. नंबर सांगा, फोटो मिळेल.' मालवण किनाऱ्यावरच्या आमच्या गावात इतकी खरी पाटी दुसरी नव्हती. समोरच्या हॉटेलच्या पाटीवर 'गरमागरम' लिहिलेलं असायचं आणि भजी सकाळची असायची. बाबांच्या पाटीचं तसं नव्हतं. ते प्रत्येक फोटोच्या मागे रबरी शिक्का मारायचे आणि शिक्क्याखाली निगेटिव्हचा नंबर घालायचे. तोच नंबर रजिस्टरात, तोच निगेटिव्हच्या पाकिटावर. दहा वर्षांनी कोणी नुसता नंबर घेऊन आलं, तरी बाबा मागच्या खोलीत जायचे आणि ते पाकीट घेऊनच बाहेर यायचे. कुणाचा फोटो भिजलेला असायचा, कुणी भांडणात फाडलेला असायचा. कारण बाबा विचारायचे नाहीत.

स्टुडिओत एक काळा कोट होता. पासपोर्ट फोटोला येणारा प्रत्येक पुरुष तोच कोट घालायचा, खाली लुंगी असली तरी. जहाजावर जाणारे, मुंबईला मिलमध्ये लागणारे, शाळामास्तर, सगळे एकाच कोटात. जाडे असले तर बाबा कोट पाठीमागून उघडाच ठेवायचे. बारीक असले तर पाठीला कपड्यांचे चिमटे लावायचे. समोरून माणूस साहेब दिसायचा. स्वतः बाबांनी तो कोट कधी घातला नाही.

मोबाइल आले आणि स्टुडिओ बसला. त्याबद्दल मी रडत नाही, सगळीकडेच बसले. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. देवबागात घराघरात पाहुणे उतरतात हे बघून माझ्या थोरल्या भावाने, दादाने, आमच्याही घराचा होमस्टे केला. घर रस्त्यालगत, समुद्र चालत पाच मिनिटांवर, त्याचं काही चुकलं नाही. पण सगळ्यात चांगली खोली म्हणजे स्टुडिओची. तिथे त्याने एसी बसवला आणि निगेटिव्हची खोकी उचलून लाकडांच्या खोपीत टाकली. बाबा तेव्हा घरातच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "खंय ठेवलंस?" दादा म्हणाला, "सुकी जागा आसा बाबा, काळजी करू नकात." कोकणातल्या खोपीत सुकी जागा! चार महिन्यांनी मी खोकी उघडली तेव्हा अर्ध्याअधिक निगेटिव्ह एकमेकींना चिकटून गेल्या होत्या आणि उरलेल्यांवर बुरशीचे ठिपके होते.

मी तेव्हा जामसंड्याला राहत होतो, अजूनही तिथेच राहतो. आंबेवाल्यांच्या, काजूवाल्यांच्या, होमस्टेवाल्यांच्या वेबसाइट करून देणं हा माझा धंदा. दादाचीही साइट मीच केली होती. वाचलेल्या निगेटिव्ह मी जामसंड्याला आणल्या आणि दोन वर्षं रविवारी बसून एकेक स्कॅन केली. रागाच्या भरात माणूस किती काम करू शकतो याचा मला तेव्हा अंदाज आला.

ते फोटो ठेवायचे कुठे? वेगळं डोमेन घ्यावं असं माझ्या मनात होतं. बाबा म्हणाले, "घराचो पत्तो एकच बरो." म्हणून दादाच्या होमस्टेच्या पत्त्याखालीच ठेवले. डोमेन दादाच्या नावावर होतं, ओटीपी त्याच्या मोबाइलवर यायचा. भावाभावांत काय नावाचं असतं, असं मी म्हटलं होतं. मी तसं म्हटल्याचं मला नीट आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

एक गोष्ट मात्र मी नीट केली. प्रत्येक फोटोचा पत्ता म्हणजे त्याचा निगेटिव्हचा नंबर. साइटच्या नावापुढे तिरपी रेघ आणि नंबर टाकला की तो फोटो उघडायचा. मी बाबांना त्यांच्या फोनवर करून दाखवलं. त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं, बुरशीतून वाचलेल्यांवर मी खूण केली होती त्यांतला कुठलाही एक नंबर काढला, एका बोटाने टाइप केला. फोटो आला. दुसरा टाकला. आला. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे पाटी अजून खरी आसा." मला वाटतं माझ्या धंद्यातली मला मिळालेली ती एकच पावती.

फोटो जड होते. होमस्टेची साइट हळू उघडायला लागली आणि दादाची कुरकुर सुरू झाली. म्हणून मी फोटो एका वेगळ्या सबडोमेनवर हलवले. म्हणजे घर तेच, फोटोंना दार वेगळं. जुन्या पत्त्यावर कोणी नंबर मागितला तर त्याला फोटोंच्या दाराकडे वळवायचं, यासाठी सर्व्हरवर एक ओळ लिहावी लागते. त्या ओळीत एक आकडा असतो. तीनशे एक लिहिलं तर अर्थ होतो: ही वस्तू कायमची तिकडे गेली, पुन्हा मला विचारू नका. तीनशे दोन लिहिलं तर अर्थ होतो: सध्या तिकडे आहे, पुढच्या वेळी परत मलाच विचारा. फोटो कायमचे हलवले होते, म्हणून मी तीनशे एक लिहिलं. ते बरोबरच होतं.

त्यानंतर गावपळण आली.

आमच्या गावची ही रीत बाहेरच्यांना सांगितली की ते हसतात, मग फोटो काढायला येतात. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात, देवाने होकार दिला की अख्खं गाव तीन दिवस वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरात कोणी थांबायचं नाही. वेशीपलीकडच्या कातळावर माडाच्या झापांच्या खोपी घालायच्या, तिथे जेवायचं, गायचं, पत्ते कुटायचे. तीन दिवसांनी पुन्हा कौल लावायचा आणि देव म्हणाला तर परतायचं. नाही म्हणाला तर आणखी राहायचं. आमच्या लहानपणी यापेक्षा मोठी सहल नव्हती.

मी आदल्या दिवशीच गावात गेलो होतो. निघायच्या सकाळी दादा म्हणाला, "साइटीवर बोर्ड लाव, गाव बंद आसा म्हणान. नायतर पावणे फोन करीत रवतले." साधी गोष्ट होती. पण मला बोर्ड लावायचा नव्हता. मला वाटलं, तीन दिवस जो कोणी होमस्टेचा पत्ता उघडेल त्याला सरळ बाबांच्या फोटोंवर पाठवावं. गाव रिकामं आहे, तर निदान फोटोंतलं गाव बघू दे. आणि त्यात थोडा खवचटपणाही होता, नाकारत नाही. एसीच्या खोलीऐवजी ती खोली आधी काय होती ते लोकांना दिसू दे, हेही मनात होतं.

लॅपटॉप मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो. तेवढ्यात देवळाकडे ढोल वाजला. ढोल वाजला की निघायचं. वहिनी कोंबड्या टोपलीखाली कोंबत होती, दादा गाईचं दावं ओढत माझ्यावर ओरडत होता, बाबा रजिस्टरांची पिशवी काखेत मारून अंगणात उभे होते. मी आधीची ओळ उचलली, खाली चिकटवली, पत्ते बदलले, लॅपटॉप मिटला आणि निघालो. पत्ते बदलले. आकडा बदलायचा राहिला.

ज्या गावाला तीन दिवसांनी परत येणं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या गावच्या माणसाने निघताना लिहून ठेवलं की आम्ही कायमचे गेलो.

कातळावर पहिल्याच दिवशी मी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होमस्टेची लिंक टाकली: 'गावाचे जुने फोटो बघा.' कातळाच्या वरच्या टोकाला रेंज येत होती. तासाभरात निम्मं गाव तिथे उभं होतं. "अरे, ह्यो माजो बापूस!" "आणि ह्यो कोण? कोट तोच मां?" सगळ्यांचे बाप, आजे, मामा एकाच कोटात बघून लोक पोट धरून हसले. काहीजण हसताहसता फोन घेऊन बाजूला गेले. बाबा खोपीबाहेर बाकड्यावर बसले होते. माणसं फोन घेऊन त्यांच्याकडे येत होती, आणि ते रजिस्टर उघडून सांगत होते, हा अमक्या सालचा, ह्या दिवशी हा चपला घालायला विसरला होता, ही फोटोला रडत होती म्हणून हिला साखर दिली. लोकांनी लिंक मुंबईला धाडली, मुंबईवाल्यांनी आणखी कुठे कुठे धाडली. दादाच्या नेहमीच्या पाहुण्यांपर्यंत ती वहिनीनेच पोचवली, कौतुकाने. स्टुडिओ बंद पडल्यापासून बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

आता जे सांगतो ते मी दादाला कधी सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मी कातळाच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसलो आणि मला तो आकडा दिसला. तीनशे एक. माझा हा धंदाच आहे, अर्थ मला क्षणात कळला. ज्या ज्या फोनवर ही लिंक उघडली गेली त्या फोनने लक्षात ठेवलं होतं: होमस्टे कायमचा गेला, फोटोंकडे जा. मी नंतर सर्व्हरवर काहीही बदललं तरी तो फोन सर्व्हरला विचारायला येणारच नव्हता. जितका वेळ जाईल तितके फोन वाढणार. आकडा बदलायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं.

खालून बाबांचा आवाज येत होता. भोवती दहाबारा माणसं होती. मी लॅपटॉप मिटला. बघू घरी गेल्यावर, म्हटलं. रेंज नव्हती असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. रेंज होती.

देवाने तिसऱ्या दिवशी परतायचा कौल दिला. गाव घरी आलं, कोंबड्या घरी आल्या. मीही ती ओळ काढून टाकली. माझ्या फोनच्या ब्राउझरची आठवण पुसून बघितलं, होमस्टे उघडत होता. मी जामसंड्याला निघून आलो.

आठवड्याने दादाचा फोन. "साइट खंय गेली?"

"आसा मा. माज्याकडे उघडता."

"तुज्याकडे उघडून काय करू? पुण्याचे पावणे इचारतत, तुमी होमस्टे बंद केलात काय, नुसते म्हाताऱ्यांचे फोटो येतत म्हणान."

मी समजावलं की ज्यांनी त्या तीन दिवसांत साइट उघडली त्यांच्या फोनमध्ये ते बसलं आहे, फोनच्या ब्राउझरची आठवण पुसली की ठीक होईल.

"म्हणजे मी पावण्यांका फोन करून सांगू, तुमचो फोन पुसा? तुजा डोक्या ठिकाणार आसा?"

दादाचं इथे बरोबर होतं, हे लिहिताना जड जातंय. मी गावाला गेलो. उपाय सोपा होता. फोटोंच्या पानावर वर मोठ्या अक्षरांत होमस्टेची लिंक द्यायची आणि होमस्टेला एक नवा पत्ता द्यायचा, जो कुठल्याच फोनने आधी पाहिलेला नाही. फोटोही राहिले असते, पाहुणेही आले असते. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण दादा आधीच तापलेला होता. हंगामाची सुरुवात होती आणि खोल्या रिकाम्या होत्या.

"मुद्दाम केलंस," तो म्हणाला.

"चूक झाली."

"चूक? आयुष्यभर ह्याच काम करतस आणि माज्याच साइटीत चूक झाली? ती खोली मी घेतलंय त्येचो राग काढलंस."

मी 'नाही' म्हणालो, आणि आवाज इतका चढवला की मला स्वतःलाच तो खोटा वाटला. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, "नक्की काय चुकला?"

"एक आकडो, बाबा."

 ते म्हणाले, "एवढे नंबर घातलंय, माज्या हातान एक आकडो चुकूक नाय." रागाने नाही म्हणाले. म्हणूनच लागलं. मी माझा उपाय तसाच तोंडात धरून एसटीत बसलो. तेवढं एक वाक्य सांगून निघालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण आरोप करणाऱ्याला मी कशाला मदत करू, असं वाटलं.

दादाने कणकवलीतल्या एका वेबसाइटवाल्याला गाठलं. त्याने जे केलं ते कुठलाही घाईतला माणूस करेल. फोटोंच्या सबडोमेनवर जे काही मागितलं जाईल ते सगळं होमस्टेच्या मुख्य पत्त्याकडे वळवलं. सगळंच्या सगळं. कुठलाही नंबर टाका, पुढे काय येणार तर 'समुद्राजवळ वातानुकूलित खोल्या'. मला कळलं तेव्हा मी आत शिरून बघायचा प्रयत्न केला. ओटीपी दादाच्या मोबाइलवर गेला. त्याने तो मला सांगितला नाही, आणि खरं तर मी विचारलाही नाही.

ज्यांनी गावपळणीत लिंक उघडली होती त्यांच्या फोनवर तर काहीच उघडेना. त्यांचा फोन माझ्या शब्दावर विसंबून फोटोंकडे जायचा, फोटोंचं दार दादाच्या शब्दावर होमस्टेकडे पाठवायचं, होमस्टेचं नाव निघालं की फोन पुन्हा फोटोंकडे. दहावीस फेऱ्या मारून ब्राउझर हात वर करायचा आणि इंग्रजीत लिहायचा की या पानाने तुम्हाला फार वेळा इकडून तिकडे पाठवलं. सगळ्यात पहिल्यांदा ती लिंक उघडली होती बाबांनी.

त्यांना हे कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही, दादाने सांगितलं नाही. त्यांना ते कळलं एका बाईमुळे.

आरोंद्याहून एक म्हातारी ख्रिस्ती बाई दोन एसट्या बदलून आमच्या घरी आली. हे मला नंतर वहिनीने सांगितलं, तिने ते ओट्यावर उभं राहून पाहिलं होतं. बाईचा नवरा जहाजावर कामाला होता आणि जहाजावरच वारला होता. जहाजावर चढायच्या आधी त्याने आमच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढला होता, कोटात. तिच्याजवळचा फोटो ओलीने इतका खराब झाला होता की तोंडच उरलं नव्हतं. मागचा नंबर मात्र वाचता येत होता. तिने तो पदराच्या गाठीतून काढून बाबांपुढे धरला.

"काकानू, तुमी सांगलेलात, नंबर सांभाळून ठेव. ठेवलंय."

बाबा उठून बसले. म्हणाले, "नंबर आसा मगे फोटो मेळतलो. बस." रजिस्टरात नंबर काढला. नाव जुळलं, निगेटिव्ह वाचल्याची खूणही होती. मग फोन घेतला आणि एका बोटाने टाइप केला. गोल गोल फिरलं आणि इंग्रजी वाक्य आलं. परत केला. परत तेच. चष्मा पुसून परत केला. ती बाई समोर हात जोडून बसली होती, देवळात किंवा इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, बसतात तशी.

त्यांनी मला फोन लावला. तो फोन मला शब्दन्‌शब्द आठवतो. "ह्यो नंबर उघडणा नाय रे. एक बाय इली हा, लांबसून इली."

तो फोटो माझ्या डिस्कवर होता. बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला मला दोन मिनिटं लागली नसती. मी म्हणालो, "माका काय इचारतास? दादान बंद केल्यान. दादाक सांगा."

त्यांनी आत जाऊन दादाला सांगितलं. दादा कोणा पाहुण्याशी बोलत होता. तो म्हणाला, "त्येचा काम ता. त्येनाच घोळ घातल्यान, त्येका सांगा." बाबांनी मला पुन्हा फोन लावला. मी उचलला नाही. एका गिऱ्हाइकासमोर बसलो होतो हे खरं आहे, पण मी गिऱ्हाइकासमोर फोन उचलतो.

बाई शेवटची एसटी चुकेल म्हणून उठली. बाबांनी तिला चहा घ्यायला लावला. ती म्हणाली, "राहूं दे काकानू, तुमी तरी काय करतलात." तिला रस्त्यापर्यंत सोडून बाबा परत आले, रजिस्टरं पिशवीत भरली आणि पिशवी माळ्यावर टाकली. जेवताना वहिनीला एवढंच म्हणाले, "माजो नंबर खोटो पडलो."

मी त्या फोटोची प्रत काढली, चांगल्या कागदावर, आठ दिवसांनी. रजिस्टरात नाव होतं, गाव होतं. आरोंदा काही चंद्रावर नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, गाडी घेऊन गेलो असतो तर दुपारपर्यंत परत आलो असतो. गेलो नाही. आधी हंगाम होता, मग काम होतं, मग इतके दिवस झाल्यावर कुठल्या तोंडाने जायचं हे होतं. ती प्रत माझ्या खणात आहे.

बाबांनी पुन्हा कधी फोनवर नंबर टाकला नाही. मी गेलो की तब्येतीचं बोलायचे, माझ्या मुलीच्या शाळेचं विचारायचे. फोटोंचा विषय मी दोनदा काढला. "व्हयो कोणाक आता," म्हणाले. मी त्यांच्या फोनची आठवण पुसून देऊ शकलो असतो, तेवढ्याने निदान ते फिरणं थांबलं असतं. पण मग त्यांच्या नंबरावर दादाच्या वातानुकूलित खोल्या उघडल्या असत्या. ते त्यांना दाखवायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतरच्या वर्षी ते गेले. फार आजारी नव्हते, सकाळी चहा घेतला आणि गेले. मी पोचेपर्यंत सगळं गाव जमलं होतं. दादा आणि मी खांद्याला खांदा लावून चाललो, बोललो नाही.

दिवसकार्य चालू असताना मी दोन दिवस जामसंड्याला आलो होतो, तेव्हा दादाचा फोन आला. किती काळाने त्याने स्वतःहून केला होता. आवाज बसलेला होता. "बाबांचो बरो फोटो आसा तुज्याकडे? फ्रेम करूक व्हयो. हय एकय नाय."

होता. बाबांचा एकच चांगला फोटो जगात होता. स्टुडिओ सुरू केला त्या दिवशी कॅमेऱ्याला टायमर लावून त्यांनी स्वतःचा काढला होता. पहिले सहा बिघडले, सातवा साधला. अर्ध्या बाह्यांचा सदरा, तो काळा कोट हातावर टाकलेला, आणि चेहऱ्यावर आपल्याला हे जमलं याचं हसू. निगेटिव्ह नंबर सात. मी तो स्कॅन करताना त्यावरची बुरशी एकेक ठिपका करून काढली होती, एक अख्खा रविवार घालवून.

मी म्हणालो, "सात नंबर. उघडून बघ."

 त्याने खरंच टाइप केलं असावं, कारण पलीकडून काचेवर बोट टेकल्याचे बारीक आवाज आले. त्याने तोच नंबर टाकला असेल आणि त्याला त्याचाच होमस्टे दिसला असेल. मग त्याने फोन ठेवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

तेराव्याला मी गेलो. डिस्क पिशवीत घेतली होती, प्रतही काढून घेतली होती. त्याने विचारलं की द्यायची, असं ठरवून गेलो होतो. एसीच्या खोलीत, जिथे बाबांचा कॅमेरा उभा असायचा त्या भिंतीवर, हार घातलेली फ्रेम होती. आत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. डोळे अर्धे मिटलेले, हनुवटी एका बाजूला गेलेली, मोठा केल्याने तोंडाचे चौकोन चौकोन दिसत होते. ज्या माणसाने तालुक्यातल्या प्रत्येकाची हनुवटी बोटाने सरळ केली, त्याचा स्वतःचा फोटो असा. दादा दाराशी उभा होता. त्याने मला फोटोकडे बघताना बघितलं आणि मान वळवली. त्याने विचारलं नाही. मीही पिशवी उघडली नाही.

ती फ्रेम अजून तिथेच आहे. पाहुणे विचारतात हे कोण, तर दादा सांगतो, आमचे बाबा, त्यांचा इथे फोटो स्टुडिओ होता. वहिनी म्हणते की हे सांगताना तो फ्रेमकडे बघत नाही.

पाटी मी जामसंड्याला आणली आहे. माझ्या कामाच्या खोलीत लावायला म्हणून आणली होती, ती कपाटामागे उभी आहे. ती लावायचा मला अधिकार नाही. माझ्या सख्ख्या भावाने मेलेल्या बापाचा फोटो मागितला होता. मी त्याला नंबर सांगितला, आणि फोटो दिला नाही.